परग्रहाचा सातबारा

२०२५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एक निबंध प्रसिद्ध केला. सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसते आहे, असं त्यात म्हटलं होतं. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात, म्हणून बातमी मोठी. पुरावा अजून पक्का नाही, आणखी निरीक्षणं लागतील, हे त्या गटानेच सांगून ठेवलं होतं. पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचेपर्यंत तिची 'दुसरी पृथ्वी सापडली' झालेली होती, सोबत निळाशार समुद्र आणि दोन चंद्र असलेलं चित्र. मग जुंपली. एक पक्ष म्हणाला, चला, बॅगा भरा, इथे तसंही आता काय उरलंय. दुसरा म्हणाला, आधी आपल्या गल्लीतले खड्डे बुजवा, मग ग्रह शोधा. दोन दिवस हे चाललं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. इथे तर तुरी बाजारात आल्यात की नाही हेही ठरलेलं नव्हतं.

टीव्हीवरच्या चर्चा ऐका, वर्तमानपत्रांतली पत्रं वाचा, वाद थोड्याफार फरकाने असाच चालतो. मला त्याचा वैताग येतो तो एका कारणाने. वरवर विरोधी दिसणारे हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या पायावर उभे आहेत. ग्रह शोधणं म्हणजे जागा बघणं, असं दोघांनीही धरून चाललेलं आहे. एकाला जागा पसंत आहे, दुसऱ्याला ती परवडत नाही, एवढाच फरक. माझं म्हणणं असं, की तिथे कोणी जाणार नाही. आपण नाही, आपली नातवंडं नाहीत आणि ज्यांना आपले वंशज म्हणता येईल असंही बहुधा कुणी नाही. तरीही हा शोध चालू राहिला पाहिजे, त्यावर पैसा खर्च झाला पाहिजे आणि त्यात भारताचाही वाटा असला पाहिजे. जाण्याच्या स्वप्नामुळे शोधाला बळ मिळतं असा सार्वत्रिक समज आहे. मला ते स्वप्न त्या शोधाला वाळवीसारखं लागलेलं दिसतं.

आधी 'वसतियोग्य' हा शब्द घेऊ, कारण निम्मा घोटाळा त्यानेच केला आहे. खगोलशास्त्रात त्याचा अर्थ फार माफक आहे: ताऱ्यापासून एवढ्या अंतरावर, की योग्य वातावरण असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. हवा आहे का, पाणी आहे का, पृष्ठभाग तरी आहे का, यांतलं काहीही तो शब्द सांगत नाही. डोंगरउतारावरच्या जमिनीला निवासी झोन लागला म्हणून तिथे नळ आला असं होतं का? आपल्या शेजारचा शुक्रच बघा. त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के, वस्तुमान ८१ टक्के. चाळीस प्रकाशवर्षांवरून कुणी सूर्याकडे बघत असेल, तर आपल्या सूर्यमालेतल्या 'पृथ्वीसारख्या' ग्रहांच्या यादीत तो शुक्राला मानाने बसवील. प्रत्यक्षात तिथे ४६५ अंश तापमान आहे आणि हवेचा दाब आपल्या नव्वद पट. तिथे उतरलेली सोव्हिएत यानं तासा-दोन तासांत गप्प झाली.

गाजलेल्या बाकीच्या जागांचीही हीच कथा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. २०१६ मध्ये त्याच्याभोवती साधारण पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह सापडला, तोही वसतियोग्य पट्ट्यात. पण हा तारा म्हणजे तांबडा खुजा. त्याची ऊब इतकी मंद, की तो पट्टा ताऱ्याला अगदी बिलगून आहे. ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं. इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी, आणि ताऱ्यावर वरचेवर भडके उडतात ते वेगळंच. ट्रॅपिस्ट-१ भोवतीचे सात ग्रह २०१७ मध्ये जाहीर झाले तेव्हा नासाने पर्यटनाचं भित्तिपत्रक काढलं होतं, जुन्या रेल्वेच्या जाहिरातीसारखं. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने सर्वांत आतले दोन तपासले. पहिल्यावर सांगण्यासारखी हवा नाही, दुसऱ्यावर शुक्रासारखं दाट वातावरण नाही. आणि के२-१८बी? पृथ्वीच्या साडेआठ पटींहून अधिक वस्तुमान, अडीच पटींहून मोठा. त्यावर उभं राहायला जमीन असेलच याची खात्री नाही, त्याचा सातबारा काय निघणार? डायमिथाइल सल्फाइडच्या त्या खुणेचे आकडेही पुढे दुसऱ्या गटांनी नव्याने मांडून पाहिले, आणि खूण विरत गेली. हे शास्त्राचं नेहमीचं, निरोगी काम आहे. त्याला पहिल्या बातमीएवढे मथळे मिळाले नाहीत.

अंतर हा शब्द तर आपल्याला कळतच नाही. मी हौशी आकाशदर्शनवाल्यांपैकी. वैशाख अमावास्येच्या सुमारास आम्ही साताऱ्याच्या दक्षिणेला एका पठारावर आठ इंची दुर्बीण घेऊन जातो. रात्री अकराला दक्षिणेकडे तोंड करून हात लांब ताठ करावा आणि मूठ क्षितिजावर ठेवावी. मुठीच्या किंचित वर जो पिवळसर ठळक तारा लुकलुकतो, तो मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहातला. प्रॉक्झिमा त्याचाच तिसरा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा भाऊ. दुर्बिणीतून मित्राचे दोन तारे होतात, एक जरा मोठा, एक लहान, क्षितिजाजवळच्या हवेत पाण्यातल्या नाण्यांसारखे हलत असलेले. एका वर्षी रांगेत एसटीतून निवृत्त झालेले एक चालक होते. डोळा काढून त्यांनी विचारलं, "किती पल्ला?" मी किलोमीटर सांगितले: चारावर तेरा शून्यं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताशी साठने लावा." मोबाइलवर लावलं तर सात कोटी साठ लाख वर्षं आली. म्हणजे डायनासोर चरत असताना सुटलेली गाडी आत्ता स्टँडला लागली असती. आम्ही उभे होतो त्या पठाराचा काळा कातळ तेव्हा अजून जमिनीखालून यायचा होता. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ते थोडं थांबून म्हणाले, "आणि परतीची?"

'एसटीच्या वेगाने कोण चाललंय, यानं आहेत की' असं कुणी म्हणेल. बरं. 'व्हॉयेजर-१' हे यान सप्टेंबर १९७७ मध्ये निघालं, सेकंदाला १७ किलोमीटर पळतं आहे. जवळपास पन्नास वर्षांत ते गेलंय एक प्रकाशदिवस. वर्ष नाही, दिवस. प्रॉक्झिमाच्या अंतराला त्या वेगाने पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सौरयान. डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला १९२ किलोमीटर होता, तोही सूर्याच्याच ओढीने मिळालेला. तो वेग कायम ठेवता आला असं धरलं तरी साडेसहा हजार वर्षं. इजिप्तचे पिरॅमिड याहून बरेच अलीकडचे.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे बघू, कारण ते सगळेच पोकळ नाहीत.

पहिला नेहमीचा: अशक्य म्हणणारे प्रत्येक काळात होते आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडले. १६१० मध्ये केप्लरने गॅलिलिओला लिहिलं होतं, की आकाशातल्या वाऱ्याला साजेशी गलबतं आणि शिडं तयार करा, त्या पोकळीला न भिणारी माणसं निघतीलच. लोकांना ते वेड वाटलं असेल, पण १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. हा मुद्दा मी मान्य करतो, एवढ्यापुरता, की 'कधीच नाही' असं भौतिकशास्त्राच्या नावाने छातीठोकपणे सांगता येत नाही. पण चंद्राचा प्रश्न हुन्नराचा होता. ताऱ्यांचा प्रश्न शिधासामग्रीचा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं वजन सव्वाचारशे टनांच्या आसपास आहे, त्यात सात माणसं राहतात आणि त्यांचं धान्य-पाणी खालून जातं. एवढंच वजन प्रकाशाच्या एक दशांश वेगाला न्यायचं, म्हणजे प्रॉक्झिमा बेचाळीस वर्षांवर येईल, तर लागणारी ऊर्जा ही जगातली सगळी माणसं वर्षभरात कोळसा, तेल, वायू, वीज मिळून जेवढी वापरतात तिच्या जवळजवळ एक तृतीयांश. ही ऊर्जा एक कणही वाया गेला नाही असं धरून. पोचल्यावर थांबायला तेवढीच पुन्हा. वाटेत धुळीचा कण लागला तर काय होतं ते विचारू नका. म्हणूनच २०१६ मध्ये युरी मिलनर आणि स्टीफन हॉकिंग यांनी जाहीर केलेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट योजनेत माणूस नव्हताच. होती काही ग्रॅम वजनाची चकती, लेझरने ढकललेली, न थांबता ताऱ्याजवळून निघून जाणारी. या विषयात गंभीरपणे आकडेमोड करणाऱ्यांनी माणसाला आधीच गाडीतून उतरवलेलं आहे.

समुद्रप्रवासाशी तुलना केली जाते तेव्हा तर मला हसू येतं. वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला तेव्हा त्याला काय सापडलं? सापडला एक चालू बाजार. वाट दाखवणारा तांडेल त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला मिळाला होता. श्वास कसा घ्यायचा, पाणी कुठून आणायचं, हे प्रश्न त्याला पडले नाहीत, कारण तो माणसांच्या जगातून माणसांच्याच जगात आला होता. ज्यांना ऐतिहासिक दाखला हवाच असेल त्यांनी दारिएनचा घ्यावा. १६९८ मध्ये स्कॉटलंडने पनामाच्या संयोगभूमीवर वसाहत करायला माणसं पाठवली. जागा कुणी नीट पाहिलेली नव्हती. नकाशा आणि वर्णनं मात्र मोहक होती. देशातल्या खेळत्या पैशाचा मोठा हिस्सा त्यात गुंतला. उष्ण दमट जंगलात विकायला त्यांनी लोकरी कापड आणि केसांचे टोप नेले होते. ताप, उपासमार आणि स्पॅनिश फौजा यांच्यापायी दोन वर्षांत साधारण दोन हजार माणसं गेली, आणि त्या दिवाळखोरीने १७०७ मध्ये स्कॉटलंडला इंग्लंडशी एकत्र व्हायला भाग पाडण्यात हातभार लावला. दारिएनला हवा होती, पाऊस होता, माती होती, मासे होते.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. एखादी उल्का, एखादा महाज्वालामुखी, आणि संपलं सगळं. महाराष्ट्रात राहणाऱ्याने तर हे हसण्यावारी नेऊ नये. लोणारचं साधारण १.८ किलोमीटर रुंद विवर उल्केनेच पाडलेलं आहे, आणि आपण ज्याला सह्याद्री म्हणून मिरवतो तो ज्या लाव्ह्याच्या पुरांनी रचला, ते पूर डायनासोरांच्या अखेरच्या काळातले. धोका खरा आहे. पण त्या गोष्टीचा शेवटही सांगा ना. मेक्सिकोत दहा किलोमीटरची उल्का आदळली, इकडे दख्खनवर लाव्हा वाहत होता, आभाळ काळवंडलं, तीन चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या. त्या सर्वांत वाईट वर्षीसुद्धा पृथ्वीवर हवा होती, समुद्र होते, आणि बिळांत राहणारे आपले पूर्वज जगले. सापडलेल्या सहा हजारांहून अधिक ग्रहांपैकी, पृथ्वीच्या त्या वाईट वर्षाइतकी बरी परिस्थिती असल्याचं ज्याच्याबद्दल सांगता येईल असा एकही नाही. मंगळही नाही. उल्केचीच भीती असेल तर उपायही समोर आहे: सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर धडक मारून त्याची मोठ्या जोडीदाराभोवतीची प्रदक्षिणा साधारण अर्ध्या तासाने कमी केली. घराला आग लागू नये म्हणून वायरिंग तपासायचं की दुसऱ्या गावात, रस्ता नसलेल्या, वाडा बांधायला काढायचा?

आणि टोपली विणणं आपल्याला येतं का? ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ मध्ये आठ माणसं २६ सप्टेंबर १९९१ ला काचेच्या बंदिस्त इमारतीत शिरली. तीन एकरांहून थोडी मोठी जागा, आत शेती, छोटं जंगल, एक लहानसा समुद्र. दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही, असा पण. सोळा महिन्यांत हवेतला प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली-वर आला. माणसांना जिना चढताना धाप लागायला लागली आणि शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण काय निघालं? शेतीसाठी घातलेल्या सकस मातीतले जिवाणू भरपूर प्राणवायू खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींचं काँक्रीट शोषून घेत होतं. परागीभवन करणारे कीटक मेले, झुरळं आणि मुंग्या माजल्या. हा प्रयोग फसला असं म्हणून त्याची टिंगल करतात, मला तो फार मोलाचा वाटतो. पृथ्वी आपल्यासाठी रोज किती गोष्टी फुकट करते याचं बिल प्रथमच कुणीतरी मांडून पाहिलं.

या सगळ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या जहाजाचा तोडगा सांगतात. निघतील ते पणजोबा, पोचतील ते खापरपणतू. कल्पना रम्य आहे, पण मधल्यांचं काय? एकोणिसाव्या शतकात कोकणातली आणि घाटावरची माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. करार पाच वर्षांचा असे. फसवणूक होती, हाल होते, बरेच परतले नाहीत. तरी परतीच्या बोटीची कल्पना शिल्लक होती. पाय टाकायला माती होती. मुलं मळा सोडून शिकू शकली, शिक्षक झाली. आज तिथे मराठी लोक आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या जहाजाच्या पोटात जन्मलेल्या मुलीला मात्र कुठलाही करार दाखवलेला नसेल. तिचं लग्न कुणाशी, तिला मुलं किती, तिचं काम कोणतं, हे सगळं तिच्या पणजोबाच्या शिध्याच्या हिशेबाने ठरलेलं. गिरमिटात, म्हणजे मळ्यांवरच्या त्या करारात, निदान अंगठा तरी घेत असत.

खरं सांगायचं तर या तिन्हींपेक्षा मला चौथा मुद्दा कठीण जातो. तो असा: ठीक आहे, कोणी जाणार नाही, पण स्वप्न तरी राहू द्या. त्या स्वप्नाशिवाय मुलं या शास्त्राकडे वळणार नाहीत आणि सरकारं पैसे देणार नाहीत. मी स्वतः शाळेत असताना असल्याच स्वप्नापायी आभाळाकडे बघायला लागलो, तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पण उसन्या स्वप्नाचं व्याज चढतं. १८७७ मध्ये स्कियापारेल्लीने मंगळावर रेघा पाहिल्या, पर्सिव्हल लॉवेलने त्यांचे कालवे केले आणि तहानलेल्या मंगळवासीयांची अख्खी संस्कृती उभी केली. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ ने मंगळाची पहिली जवळून छायाचित्रं धाडली, त्यात खड्डे निघाले, चंद्रासारखे. मंगळ आहे तसा होता, आणि अद्भुतच होता. पण लोकांना वाटलं, आपण फसलो. २०१० मध्ये ग्लिझ ५८१जी या ग्रहाच्या शोधकांपैकी एकाने तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता शंभर टक्के असल्याचं आपलं व्यक्तिगत मत पत्रकारांना सांगितलं. काही वर्षांत तो ग्रहच नसल्याचं दिसून आलं. दर दोन-तीन वर्षांनी एक 'दुसरी पृथ्वी', आणि दर वेळी मागाहून दगड. किती वेळा हे केल्यावर माणसं ऐकायची बंद होतात?

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. ट्रॅपिस्टच्या त्या पहिल्या ग्रहावर हवा नाही हे कसं कळलं? तो ताऱ्यामागे दडतो तेव्हा एकूण उष्णता केसभर कमी होते. ती घट मोजून, चाळीस प्रकाशवर्षांवरच्या, पृथ्वीएवढ्या दगडी गोळ्याच्या दिवसाच्या बाजूला साधारण २३० अंश तापमान आहे, आणि ज्या अर्थी इतकं आहे त्या अर्थी उष्णता दुसऱ्या बाजूला वाहून नेणारी हवा नाही, असं माणसाने जमिनीवर बसून ठरवलं. मी हे २०२३ मध्ये वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. मराठी बातम्यांत त्याचं फार काही झालं नाही. राहण्यालायक नाही ना, मग काय त्याचं! जागा बघायला निघालेल्या माणसाला डोंगर दिसत नाही, ते असं.

शोध कशासाठी मग? हवा असलेला, पाणी टिकवून ठेवणारा ग्रह किती सहज घडतो, हे आपल्याला माहीत नाही. शुक्र, पृथ्वी, मंगळ ही तीनच उदाहरणं आपण नीट तपासलेली. एक भाजला, एक गोठला, एक टिकला. तिघांच्या जिवावर काढलेल्या नियमाला नियम म्हणायचं का? डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा कार्ल सेगन यांच्या गटाने त्याची उपकरणं पृथ्वीकडेच वळवली आणि विचारलं, आपल्याला काही माहीत नसतं तर इथे जीव आहे हे ओळखता आलं असतं का? प्राणवायू आणि मिथेन एकत्र सापडले, जे एकमेकांना फार काळ टिकू देत नाहीत. कुणीतरी ते सतत पुरवत असलं पाहिजे. ही परीक्षा दुसऱ्या ग्रहांना लावायची तर अजून पुष्कळ दूर जायचंय, दुर्बिणींच्या बाबतीत. सूर्याशेजारी पृथ्वी दृश्य प्रकाशात साधारण दहा अब्ज पटींनी मंद असते. पृथ्वीच्या ओढीने सूर्य मागेपुढे हलतो तो सेकंदाला ९ सेंटिमीटरने. रांगणारं मूलसुद्धा याहून वेगाने जातं. ती हालचाल ताऱ्याच्या उकळत्या पृष्ठभागातून वेगळी काढायची. माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं 'पारस' हे उपकरण याच जातीची मोजणी करतं, आणि त्यातून भारताच्या नावावर ग्रहही जमा झाले आहेत. ते ग्रह गरम, मोठे, कुणीही राहायला जाणार नाही असे. म्हणूनच बहुतेकांना त्यांची नावं माहीत नसतील.

खड्डेवाल्यांनाही उत्तर देतो, पण थोडक्यात, कारण त्यांचा राग खरा आहे आणि पत्ता चुकीचा. चंद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. एकट्या मुंबईत चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची २०२३ मधली कंत्राटं सहा हजार कोटींच्या घरातली. खड्डे पैशाअभावी राहिलेले नाहीत. दुर्बिणीचे पैसे काढून घेतले तर ते डांबरात जातील असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या वॉर्डातलं एखादं टेंडर एकदा वाचून बघावं.

मात्र नुसतं पाहणं हे निरुपद्रवी, सोवळ्यातलं काम आहे असाही माझा दावा नाही. तीस मीटर व्यासाच्या ज्या महादुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि ज्यासाठी २०१४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १,३०० कोटी मंजूर केले, ती हवाईतल्या मौना केआ पर्वतावर उभी राहायची होती. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो डोंगर पवित्र आहे. २०१९ मध्ये म्हातारी माणसं रस्ता अडवून बसली, त्यांना अटक झाली, काम थांबलं ते थांबलंच. दूरच्या जगातली वस्ती शोधायला निघालेल्यांना हातातल्या डोंगरावरची वस्ती दिसली नाही, असं त्या लोकांनी म्हटलं तर माझ्याजवळ तयार उत्तर नाही. लडाखमध्ये हान्ले येथे ती न्यावी असाही विषय निघाला होता. तिथेही कुणीतरी राहतंच.

पाहण्यासाठी स्वप्नाची लाच लागते का, या प्रश्नावर मला पुण्याचा एक जुना माणूस आठवतो. डब्ल्यू. एस. जेकब, कंपनी सरकारचा इंजिनिअर. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांची मोजमापं सुरू केली. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि १८५५ मध्ये त्याने लिहिलं, की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या चालीत जी गडबड दिसते ती न दिसणाऱ्या ग्रहामुळे असावी. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याला ग्रह आहे असं मोजमापांच्या आधाराने म्हणणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी हा. तो चुकला होता. तिथे आजवर ग्रह मिळालेला नाही. सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला पक्का ग्रह मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी जाहीर केला तो त्यानंतर १४० वर्षांनी, १९९५ मध्ये. जेकब आजारपणाने इंग्लंडला परतला, पण स्वच्छ हवेतल्या उंच डोंगरावर दुर्बीण लावायचं त्याच्या डोक्यातून जाईना. १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी हजार पौंड मंजूर केले, जागा ठरली पुण्याजवळच्या डोंगरांत. ऑगस्टमध्ये तो मुंबईला उतरला, पुण्याला आला आणि आठवड्याभरातच, १६ ऑगस्टला, वारला. वय ४८. ऐन पावसाळा, त्या आठ दिवसांत त्याला एखादा तारा दिसला असेल की नाही कोण जाणे. भुजंगधारीतल्या त्या ग्रहावर जायचं त्याच्या स्वप्नातही नसावं. त्याला फक्त मोजायचं होतं, आणखी थोडं बारीक.

त्या रात्री पठारावर एक वाजता चहा झाला. पोरं सतरंजीवर आडवी झाली होती, रांग संपली होती. मित्र खाली उतरायला लागला होता. एसटीचे ते चालक पुन्हा दुर्बिणीपाशी आले आणि मघाच्या पल्ल्याबद्दल काहीच बोलले नाहीत. डोळा लावला, बराच वेळ तसेच वाकून राहिले. तारे चौकटीतून सरकले की मी दुर्बीण थोडी ढकलत होतो. "तो बारका," ते डोळा न काढता म्हणाले, "मोठ्याच्या भोवती फिरतो म्हणालात. पुरी फेरी किती दिवसांची?" ऐंशी वर्षांची, मी सांगितलं, जवळपास. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या जन्मापासून अजून एक पुरी नाही झाली," आणि पुन्हा डोळा लावला.